एका तासाचे दोन भाव : दक्षिण आफ्रिका आणि लेसोथो

दोन देशांतील मजुरीची तुलना करणाऱ्या अभ्यासकासमोर पहिली अडचण उभी राहते ती चलनाची. एका देशातील वेतन डॉलरमध्ये बदलून दुसऱ्या देशातील वेतनाशेजारी मांडले, की तो आकडा विनिमय दराच्या चढउताराबरोबर हलत राहतो, आणि त्या रकमेत किती पीठ, किती तेल, किती घरभाडे भागते हे त्यातून कळत नाही. यावर अर्थशास्त्राने क्रयशक्ती-समानता नावाचा उपाय शोधला आहे, म्हणजे दोन्हीकडच्या नेहमीच्या वापरातील वस्तूंच्या किमती लक्षात घेऊन एक कल्पित विनिमय दर ठरवायचा आणि त्याने वेतन मोजायचे. पण नेहमीच्या वापरातील वस्तू कोणत्या, यावर मतभेद राहतातच. आफ्रिका खंडात मात्र देशांची एक जोडी अशी आहे, की तिच्या बाबतीत ही अडचण जवळजवळ उरतच नाही. ती जोडी म्हणजे दक्षिण आफ्रिका आणि तिच्या पोटात, चारही बाजूंनी वेढलेला, लेसोथो.

लेसोथोचे क्षेत्रफळ सुमारे ३० हजार चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या २३ लाखांच्या आसपास आहे. हा डोंगराळ देश ४ ऑक्टोबर १९६६ रोजी ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाला आणि १९८० साली त्याने लोटी हे स्वतःचे चलन काढले, ज्याचे अनेकवचन मलोटी असे होते. एक लोटी म्हणजे एक रँड हे प्रमाण तेव्हापासून कायम आहे आणि लेसोथोतील कोणत्याही दुकानात रँडची नोट बिनदिक्कत चालते. दोन्ही देश १९१० पासून एकाच सीमाशुल्क संघात आहेत, म्हणजे त्यांच्यामधल्या मालावर जकात नाही आणि बाहेरून येणाऱ्या मालावर सर्व सदस्यांची जकात एकच. राजधानी मासेरूतील मोठी किराणा दुकाने दक्षिण आफ्रिकी कंपन्यांच्या साखळीतली आहेत आणि त्यांतला बहुतेक माल दक्षिण आफ्रिकेतूनच येतो. त्यामुळे मासेरूत कमावलेले शंभर मलोटी आणि सीमेपलीकडे कमावलेले शंभर रँड यांत बाजारात उभे राहिल्यावर फारसा फरक उरत नाही. वेतनात जो फरक दिसतो त्याची कारणे चलनात सापडत नाहीत, ती अन्यत्र शोधावी लागतात.

हा फरक किती आहे, याचे उत्तर काही महिन्यांच्या अंतराने घडलेल्या दोन सरकारी निर्णयांतून मिळते. २०१८ साली लेसोथोतील शिवणकाम कारखान्यांच्या कामगारांनी दीर्घ आंदोलन केल्यानंतर त्यांचे किमान मासिक वेतन जेमतेम १,२०० मलोटींच्या घरातून २,००० मलोटींवर नेण्यात आले. लगेच, १ जानेवारी २०१९ पासून, दक्षिण आफ्रिकेत राष्ट्रीय किमान वेतनाचा कायदा अमलात आला आणि तासाला २० रँड ही पायाभूत मजुरी ठरली. दोन्ही देशांत आठवड्याचे कायदेशीर कामाचे तास ४५ होते. पंचेचाळीस तासांचा आठवडा धरला तर महिन्याला सरासरी १९५ तास होतात, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतील किमान मासिक वेतन ३,९०० रँड पडते, आणि लेसोथोतील २,००० मलोटींना १९५ ने भागले तर तासाला १० मलोटींहून थोडी अधिक मजुरी येते. एकाच किमतीच्या पैशात, तेवढ्याच तासांसाठी, एका बाजूला दुसरीच्या निम्मी मजुरी होती. त्याच काळात दक्षिण आफ्रिकेतील सरकारी वृद्धापकाळ निवृत्तिवेतन महिन्याला सुमारे १,७०० रँड होते. २०१८ च्या वाढीपूर्वी लेसोथोतील शिलाई कामगार स्त्री महिनाभर यंत्रावर बसून जे कमावत होती, ते शेजारच्या देशात काम न करणाऱ्या वृद्धाला मिळणाऱ्या सरकारी मदतीपेक्षाही कमी होते.

येथे एका सर्वसाधारण गैरसमजाबद्दल सावध करणे आवश्यक आहे. देशांच्या तुलनेत सरासरी वेतनाचे आकडे वारंवार वापरले जातात, आणि दक्षिण आफ्रिकेतील संघटित बिगरशेती क्षेत्राचे सरासरी मासिक वेतन अलीकडच्या काळात २५ हजार रँडहून अधिक असल्याचे तेथील अधिकृत सांख्यिकी सांगते. परंतु जगातील सर्वाधिक विषमतेच्या देशांत गणल्या जाणाऱ्या देशाची सरासरी ही बँकेचा अधिकारी, खाणीचा व्यवस्थापक आणि सफाई कामगार यांची बेरीज करून काढलेली असते. तिच्यावरून सफाई कामगाराच्या जगण्याविषयी काहीही कळत नाही. म्हणून येथे सरासरी बाजूला ठेवून कायद्याने ठरवलेला तळ, म्हणजे ज्याच्या खाली मजुरी जाऊ नये अशी रेषा, तुलनेसाठी घेतली आहे. ती रेषाही दक्षिण आफ्रिकेत सुरुवातीला सर्वांना सारखी नव्हती. शेतमजुरांना २० रँडच्या ९० टक्के, घरकामगारांना ७५ टक्के आणि सार्वजनिक रोजगार योजनेवरील मजुरांना अवघे ११ रँड अशी सुरुवात झाली. शेतमजूर २०२१ मध्ये आणि घरकामगार २०२२ मध्ये बरोबरीला आले, रोजगार योजनेवरील मजूर मात्र अजूनही मागेच आहेत. मार्च २०२५ पासून सर्वसाधारण दर तासाला २८.७९ रँड झाला, म्हणजे पंचेचाळीस तासांच्या आठवड्याला महिन्याकाठी ५,६०० रँडच्या वर. लेसोथोतही वेतनाच्या अधिसूचना निघत राहिल्या, पण त्यांच्यातून ही दरी भरून निघालेली नाही.

कायद्यातले तास आणि अंगावरचे तास

कामाच्या तासांविषयी दोन्ही देशांचे कायदे शेजारी ठेवले तर ते एकाच साच्यातून निघाल्यासारखे दिसतात. दक्षिण आफ्रिकेतील मूलभूत सेवाशर्तींचा १९९७ चा कायदा आणि लेसोथोची २०२४ पर्यंत लागू असलेली १९९२ ची श्रमसंहिता या दोहोंत आठवड्याला ४५ तासांची मर्यादा आहे आणि पाच दिवसांचा आठवडा असल्यास दिवसाला नऊ तास अशी विभागणी आहे. फरक दिसू लागतो तो ओव्हरटाइमपाशी. दक्षिण आफ्रिकेत ओव्हरटाइम कामगाराच्या संमतीनेच घेता येतो, आठवड्याला दहा तासांपेक्षा अधिक घेता येत नाही आणि त्याची मजुरी दीडपट द्यावी लागते. लेसोथोच्या संहितेत मर्यादा अकरा तासांची आणि दर सव्वापट होता.

पाव पटीचा हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण २०१९ च्या आरंभीचे दर धरून हिशेब केला की त्याचे वजन कळते. दक्षिण आफ्रिकेतील किमान वेतनावरच्या कामगाराला पंचेचाळीस तासांचे ९०० रँड आणि दहा तास ओव्हरटाइमचे ३०० रँड असे आठवड्याला १,२०० रँड मिळत, तर लेसोथोतील कामगाराला पूर्ण अकरा तास ओव्हरटाइम करून, म्हणजे एक तास जास्त राबून, सुमारे ६०० मलोटी मिळत. पलीकडच्या कामगाराची नुसती पंचेचाळीस तासांची कमाई गाठायची असती, तर लेसोथोतील कामगाराला आठवड्याला जवळपास ७९ तास यंत्रावर बसावे लागले असते, आणि तेवढे तास काम घेण्यास तेथील कायदाही परवानगी देत नव्हता. कमी मजुरी हीच तास लांबवणारी शक्ती असते. ज्या पगारात महिना भागत नाही त्या पगारावरील कामगार ओव्हरटाइमला नकार देण्याच्या स्थितीत नसतो, आणि त्यामुळे कायद्यातील संमती या शब्दाचा आधार त्याला मिळत नाही.

रजेच्या बाबतीतही हाच उतार आहे. दक्षिण आफ्रिकेत वर्षाला सलग २१ दिवसांची, म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्यात १५ कामाच्या दिवसांची, भरपगारी रजा आहे. लेसोथोच्या संहितेत ती महिन्याला एक या हिशेबाने १२ दिवसांची होती. दक्षिण आफ्रिकेत प्रसूतीची रजा चार महिन्यांची असून त्या काळातील उत्पन्नाचा काही भाग बेरोजगारी विमा निधीतून मिळतो. लेसोथोच्या संहितेने बारा आठवड्यांची रजा दिली होती, पण ती भरपगारी देण्याचे बंधन मालकावर घातले नव्हते. पुढे वेतन आदेशांमधून जी भरपगारी प्रसूतिरजा आली ती कापड-कपड्यांच्या उद्योगाला इतरांपेक्षा कमी दिवसांची होती, आणि नेमका हाच उद्योग बहुसंख्य स्त्रियांवर चालतो. एका बाबतीत लेसोथोचा कायदा अधिक उदार दिसतो : सेवा संपताना प्रत्येक पूर्ण वर्षामागे दोन आठवड्यांचे वेतन द्यावे अशी तेथे तरतूद होती, तर दक्षिण आफ्रिकेत कामगारकपातीच्या वेळी वर्षामागे एकाच आठवड्याचे किमान बंधन आहे. परंतु जेथे बेरोजगारी विमा नाही आणि वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन सत्तराव्या वर्षी सुरू होते, तेथे ही रक्कम विम्याचीही जागा घेते, हे लक्षात घेतले पाहिजे. लेसोथोने २०२४ साली नवा श्रम कायदा करून जुनी संहिता मोडीत काढली. तिची छाया मात्र कारखान्यांच्या रिवाजांवर बराच काळ राहील.

स्वस्त मजूर कसा घडवला गेला

लेसोथोतील मजूर स्वस्त आहे कारण देश गरीब आहे, असे स्पष्टीकरण सहज दिले जाते, पण ते इतिहासाला धरून नाही. १८७० च्या दशकात किंबर्ली येथे हिऱ्यांच्या खाणी उघडल्या, तेव्हा तेथील खाणवस्तीला गहू आणि मका पुरवणाऱ्यांत बासोथो शेतकरी होते. मोशोएशोए या राजाने एकत्र आणलेल्या या लोकांची उत्तम जमीन कॅलेडन नदीच्या पश्चिमेला होती. १८५८ पासून १८६८ पर्यंत ऑरेंज फ्री स्टेटच्या बोअर प्रजासत्ताकाशी झालेल्या युद्धांत ती गेली, १८६८ साली ब्रिटिशांचे संरक्षण आले आणि पुढच्या वर्षीच्या अलिवाल नॉर्थच्या तहाने सीमा पक्की केली. सपाट, सुपीक पट्टा पलीकडे राहिला, डोंगर अलीकडे उरले. वसाहती सरकारने प्रत्येक झोपडीमागे रोख कर बसवला आणि रोख पैसा कमावण्याचा मुख्य मार्ग हळूहळू एकच उरला : पलीकडच्या खाणी.

कराच्या बोज्याने माणसाला मजुरीकडे ढकलण्याची ही रीत त्या प्रदेशात हिंदी मजुरांनीही भोगली आहे, आणि तिच्याशी महाराष्ट्राचा थेट संबंध आहे. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ या वसाहतीतल्या गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध, मजुराला करारानुसार पहिल्या वर्षी महिन्याला दहा शिलिंग मिळत आणि पाचव्या वर्षापर्यंत ते चौदापर्यंत चढत. करार संपल्यावर स्वतंत्र राहू इच्छिणाऱ्यावर वर्षाला तीन पौंडांचा कर होता, म्हणजे आरंभीच्या दराने पूर्ण सहा महिन्यांची मजुरी. हेतू उघड होता, की त्याने पुन्हा करार करावा किंवा देश सोडावा. गोपाळ कृष्ण गोखले १९१२ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत गेले, तेथील मंत्र्यांना भेटले आणि हा कर रद्द होईल अशा विश्वासाने परतले. तसे झाले नाही, तेव्हा १९१३ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूकॅसल या गावाच्या कोळसा खाणींतून संप उभा राहिला, आणि पुढच्या वर्षी कायद्याने कर गेला. हे न्यूकॅसल या लेखात पुन्हा येणार आहे, कारण सुमारे शंभर वर्षांनी मजुरीचा दुसरा एक झगडा त्याच गावात झाला.

सोन्याच्या खाणींनी मजुरीचे एक विशेष गणित बसवले होते. खाणकामगार एकटा येतो, वसतिगृहात राहतो, त्याचे कुटुंब गावी शेतीवर जगते, म्हणून त्याला कुटुंबाचे वेतन देण्याचे कारण नाही, असे मालक सांगत. १९४० च्या दशकातील खाणवेतनाच्या सरकारी चौकशीतही खाणमालकांनी हीच बाजू मांडली. दिवसाला दहा शिलिंग मागणारा १९४६ चा खाणसंप, ज्यात सत्तर हजारांहून अधिक कामगार उतरले, पोलिसी बळाने काही दिवसांत मोडण्यात आला. अर्थतज्ज्ञ फ्रान्सिस विल्सन यांनी १९११ ते १९६९ या काळाचा अभ्यास करून दाखवून दिले, की महागाई वजा केली तर सोन्याच्या खाणीतील काळ्या कामगाराची मजुरी त्या अठ्ठावन्न वर्षांत वाढलीच नव्हती. समाजशास्त्रज्ञ हॅरल्ड वोल्प यांनी १९७२ साली याचा सैद्धांतिक अर्थ लावला : मजुराला वाढवण्याचा, आजारपणात सांभाळण्याचा आणि म्हातारपणी पोसण्याचा खर्च गावाकडच्या शेतीवर आणि स्त्रियांच्या श्रमावर लादला जातो, आणि म्हणून खाणीला तो मजूर त्याच्या खऱ्या मोलापेक्षा कमी किमतीत मिळतो. लेसोथोपुरते बोलायचे तर हा खर्च एका संपूर्ण देशावर लादला गेला.

ही कोंडी थोडी सुटली ती १९७० च्या दशकात. सोन्याची किंमत मोकळी झाली, १९७४ च्या विमान अपघातात मलावीचे खाणकामगार मृत्युमुखी पडल्यानंतर त्या देशाने मजूर पाठवणे थांबवले, मोझांबिक स्वतंत्र झाला, आणि मजुरांच्या टंचाईपुढे खाणमालकांना वेतन वाढवावे लागले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात लेसोथोचे सुमारे सव्वा लाख पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत होते आणि १९८७ च्या मोठ्या खाणसंपाच्या वेळी खाणकामगारांच्या संघटनेचे अध्यक्षपद लेसोथोच्या जेम्स मोटलात्सी यांच्याकडे, तर सरचिटणीसपद आजचे दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष सिरिल रामाफोसा यांच्याकडे होते. लेसोथोने १९७४ च्या कायद्याने खाणकामगाराच्या वेतनाचा मोठा हिस्सा, आधी ६० टक्के आणि पुढे ३० टक्के, सक्तीने मायदेशातील बँकेत जमा करण्याची व्यवस्था केली. स्थगित वेतन या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत सरकारला भांडवल आणि कुटुंबाला पैसा मिळावा म्हणून होती, पण स्वतःच्या मजुरीवर कामगाराचा हक्क मात्र तिने करार संपेपर्यंत गोठवला. खाणीच्या धुळीने फुप्फुसे निकामी झालेल्या कामगारांच्या भरपाईचा समेट २०१८ साली झाला आणि न्यायालयाने तो २०१९ मध्ये मान्य केला. लेसोथोच्या डोंगराळ गावांत परतलेले हजारो माजी कामगार त्या भरपाईचे दावेदार आहेत. मजुरीच्या कोणत्याही तक्त्यात हा खर्च कधी धरला गेला नव्हता.

पुरुष परतले, स्त्रिया यंत्रावर बसल्या

१९९० च्या दशकात सोन्याचे भाव पडले, खाणींनी कामगारकपात केली आणि लेसोथोच्या घरांत पगार आणणारा माणूस बदलला. वर्णभेदी राजवटीवरील निर्बंध टाळण्यासाठी १९८० च्या दशकातच काही तैवानी कारखानदार लेसोथोत आले होते. अमेरिकेने २००० साली आफ्रिकी देशांसाठी शुल्कमुक्त प्रवेशाचा कायदा केला, जो त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आगोवा म्हणून ओळखला जातो, आणि कारखान्यांची लाट आली. २००४ च्या सुमारास मासेरूचे थेत्साने औद्योगिक क्षेत्र आणि उत्तरेकडील मापुत्सोए येथे मिळून पन्नास हजारांच्या आसपास कामगार जीन्स, टी-शर्ट आणि गरम कपडे शिवत होते आणि त्यांत प्रचंड बहुसंख्या स्त्रियांची होती. या कायद्यातील एक अट निर्णायक होती : अल्पविकसित मानलेल्या लेसोथोला आशियातून आणलेले कापड वापरण्याची मुभा होती, तर तुलनेने श्रीमंत ठरलेल्या दक्षिण आफ्रिकेला ती नव्हती. लेसोथोचा कपडा अमेरिकेत विकला जाण्यामागे स्वस्त मजुरीइतकाच या अटीचाही वाटा आहे.

मापुत्सोएची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि तुलनेच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. हे गाव कॅलेडन नदीच्या लेसोथोकडील काठावर आहे. बासोथो लोक या नदीला मोहोकारे म्हणतात. पुलापलीकडे दक्षिण आफ्रिकेचे फिक्सबर्ग आहे. २००० च्या दशकाच्या मध्यापासून दक्षिण आफ्रिकेतील, विशेषतः क्वाझुलु-नाताळ प्रांतातील, कपडे उत्पादकांनी मापुत्सोएत कारखाने थाटले आणि तेथे शिवलेला माल जकातीशिवाय परत दक्षिण आफ्रिकेच्याच दुकानांत पाठवू लागले. माइक मॉरिस आणि कॉर्नेलिया स्टारिट्झ यांच्यासारख्या अभ्यासकांनी या स्थलांतराची नोंद घेतली आहे. कापड तेच, गिऱ्हाईक तेच, चलनही एकाच किमतीचे. नदी ओलांडल्यावर बदलतो तो फक्त तासाचा भाव. दुसरीकडे, याच लेसोथोतील स्त्रिया हंगामात फिक्सबर्गच्या परिसरातील शतावरीच्या शेतांवर मजुरीला जातात आणि तेथे, कायद्यानुसार तरी, त्यांना दक्षिण आफ्रिकेचा दर लागू होतो. त्याच स्त्रीचे हात पुलाच्या एका टोकाला एका भावाने आणि दुसऱ्या टोकाला दुसऱ्या भावाने मोजले जातात. उत्पादकता कमी म्हणून मजुरी कमी हा युक्तिवाद येथे टिकत नाही, कारण पूल ओलांडल्याने कोणाचे कौशल्य बदलत नाही.

मग भाव बदलतो कशाने? मुख्य कारण संघटनेचे बळ आणि वेतन ठरवण्याची यंत्रणा हे आहे. दक्षिण आफ्रिकेत कपडे उद्योगाची राष्ट्रीय सौदा परिषद आहे, म्हणजे मालकांच्या आणि कामगारांच्या संघटना एकत्र बसून संपूर्ण उद्योगासाठी करार करतात आणि मंत्री तो करार परिषदेबाहेरच्या कारखान्यांनाही लागू करू शकतो. कामगारांच्या बाजूने तेथे प्रामुख्याने एकच मोठी संघटना आहे, जिची पाळेमुळे केपटाउन आणि दर्बानच्या शिलाई कामगारांत, दर्बानमधल्या हिंदी वंशाच्या स्त्रियांसह, रुजलेली आहेत. लेसोथोत वेतन सल्लागार मंडळ सरकारला शिफारस करते आणि आकडा राजपत्रात येतो. कारखान्यांतील कामगार मात्र अनेक लहान, परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या संघटनांत विभागलेले आहेत. महासाथीच्या काळात वेतनाची ही अधिसूचना रखडली, तेव्हा मे २०२१ मध्ये हजारो कामगार रस्त्यावर आले आणि पोलिस कारवाईत जीवितहानीही झाली. राजपत्रातील एका आकड्यासाठी माणसे जीव गमावतात, हे त्या आकड्याविषयी बोलताना विसरले जाऊ नये.

न्यूकॅसलचा प्रश्न

अधिक वेतनाची बाजू घेणाऱ्या कोणालाही न्यूकॅसल टाळून पुढे जाता येत नाही. वर्णभेदी राजवटीने काळ्या लोकांसाठी राखलेल्या प्रदेशांच्या कडेला उद्योग नेण्यासाठी अनुदाने दिली, तेव्हा या गावात तैवानी कपडे कारखानदार आले; त्यांचा इतिहास गिलियन हार्ट यांनी सविस्तर अभ्यासला आहे. हे कारखाने सौदा परिषदेने ठरवलेल्या ग्रामीण दरापेक्षाही कमी मजुरी देत होते. २०१० साली परिषदेने न्यायालयीन आदेशांच्या आधारे अंमलबजावणी सुरू केली, काही कारखान्यांना टाळे लागण्याची वेळ आली, आणि तेथील काही कामगार स्त्रियांनीच कारखाने बंद करण्यास विरोध केला, कारण त्यांच्यासमोर पर्याय होता तो कमी पगाराचा किंवा शून्य पगाराचा. पुढच्याच वर्षी परिषदेतील करारात नव्या कामगारांना ३० टक्क्यांपर्यंत कमी वेतन देण्यास मुभा देण्यात आली. मार्च २०१३ मध्ये पीटरमारिट्झबर्गच्या उच्च न्यायालयाने परिषदेबाहेरच्या कारखान्यांना करार लागू करण्याचा मंत्र्यांचा निर्णय रद्द ठरवला. काही मालकांनी कामगारांना सहकारी संस्थेचे सभासद बनवून किमान वेतनाच्या कक्षेबाहेर जाण्याचा मार्ग काढला. राज्यभर सहकारी चळवळ पाहिलेल्या मराठी वाचकाला या वापराचे दुःख अधिक जाणवेल.

निकोली नॅट्रास आणि जेरेमी सीकिंग्ज या केपटाउनच्या अभ्यासकांनी २०१९ च्या ग्रंथात या प्रसंगावरून असे प्रतिपादन केले, की जेथे तीनांतील एक कामेच्छू माणूस बेरोजगार आहे तेथे कमी वेतनाच्या उद्योगांनाही जागा असली पाहिजे, अन्यथा संघटित कामगाराचे हित बेरोजगाराच्या पोटावर उभे राहते. हा युक्तिवाद प्रामाणिक आहे आणि त्याला घोषणेने उत्तर देता येणार नाही. परंतु त्यात एक मोठी उणीव आहे. न्यूकॅसलच्या मालकाची तक्रार अशी असते, की त्याला मापुत्सोएशी स्पर्धा करावी लागते. मापुत्सोएचा मालक आशियाकडे बोट दाखवतो. न्यूकॅसलचा दर उतरवला तर मापुत्सोएचा दर वाढवण्याचे कारण संपते आणि काही वर्षांत तुलना पुन्हा जेथल्या तेथे येते, फक्त दोन्हीकडचे पगार आधीपेक्षा खाली असतात. एका जकात भिंतीच्या आत, शेजारच्या दोन गावांत मजुरीची उतरती बोली लागू देणे ही बाजाराने आपोआप घडवलेली गोष्ट नाही. सीमाशुल्क संघाने माल मोकळा केला, जकातीचा महसूल सूत्राने वाटून घेतला आणि वेतनाचा प्रश्न मात्र ज्याचा त्याच्यावर सोडला, या निवडीचा तो परिणाम आहे.

बाहेरच्या बाजारावर विसंबून राहण्याची किंमत लेसोथोला २०२५ मध्ये कळली. एप्रिलमध्ये अमेरिकेने जाहीर केलेल्या शुल्कांत लेसोथोवर ५० टक्के आणि दक्षिण आफ्रिकेवर ३० टक्के आकारणी होती. व्यापारी तुटीला आयातीने भागून काढलेल्या त्या सूत्रात, लेसोथोला लागणारा परदेशी माल बहुतांशी दक्षिण आफ्रिकेमार्गे येतो याला काहीच स्थान नव्हते. ऑगस्टमध्ये लेसोथोचा दर १५ टक्क्यांवर आला, तोवर मागण्या थांबल्या होत्या आणि कारखान्यांनी माणसे कमी केली होती. जुलैमध्ये सरकारने तरुणांच्या बेरोजगारीवरून राष्ट्रीय आपत्तीची स्थिती जाहीर केली, आणि आगोवाची मुदत ३० सप्टेंबर २०२५ रोजी संपली. एवढी कमी मजुरी स्वीकारूनही रोजगार वाचला नाही, ही गोष्ट कमी मजुरीलाच विकासाचा मार्ग मानणाऱ्यांनी गंभीरपणे घेतली पाहिजे.

यातून निघणारा निष्कर्ष अमलात आणण्याजोगा आहे. दक्षिण आफ्रिका, लेसोथो, बोट्सवाना, नामिबिया आणि एस्वातिनी या पाच सदस्यांच्या सीमाशुल्क संघात बाहेरच्या शर्टावर किती जकात घ्यायची हे एकत्र ठरते. त्याच संघाने आतल्या शर्टाच्या शिलाईला तासाला किमान किती द्यायचे आणि ओव्हरटाइम किती पटीने मोजायचा हेही ठरवायला हवे, टप्प्याटप्प्याने आणि निदान कपडे उद्योगापुरते तरी. सुरुवात ओव्हरटाइमच्या दरापासून करता येईल, कारण सव्वापटीचे दीडपट करण्याने कोणताही कारखाना बंद पडणार नाही, आणि मापुत्सोएतील कामगार स्त्रीला मात्र तिच्या पंचेचाळिसाव्या तासानंतरचा प्रत्येक तास फिक्सबर्गच्याच पटीने मोजून मिळू लागेल.